वस्तीसाठी पुराचा अलर्ट उभा करायचाय? सेन्सर घ्यायच्या आधी हे वाचा

नाल्याकाठी, ओढ्याकाठी किंवा सखल भागात राहणाऱ्यांच्या ग्रुपवर एकदा तरी ही चर्चा होतेच, की आपण एखादा सेन्सर लावू, एखादं अ‍ॅप करू, म्हणजे पाणी यायच्या आधी कळेल. आयडिया चांगलीच आहे. मी अशा कामात बराच काळ राहिलोय आणि नवीन लोक विचारतात तेव्हा तेच तेच परत टाईप करावं लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. यंत्र सगळ्यात शेवटी घ्या. पाणी अमुक खुणेला आलं की कुणी कुणाचं दार वाजवायचं ते आधी ठरवा आणि तिथून मागे मागे येत सेन्सरपर्यंत पोचा. उलटं केलंत तर डॅशबोर्डवर आकडा व्यवस्थित दिसत राहतो आणि इकडे घरात पाणी शिरत असतं.

जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची मंडळी पूर्वसूचनेचे चार भाग सांगतात: धोका कुणाला आणि कुठं आहे ते माहीत असणं, मोजणं आणि अंदाज बांधणं, निरोप पोचवणं, आणि निरोप मिळाल्यावर हलायची तयारी असणं. चारातला एकच भाग मुख्यतः यंत्राचा, बाकी सगळं माणसांचं. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांनी 'अर्ली वॉर्निंग्ज फॉर ऑल' नावाचा कार्यक्रम जाहीर केला, २०२७ च्या अखेरीपर्यंत जगातल्या प्रत्येकाला पूर्वसूचना मिळावी म्हणून. पण उपग्रह आणि मॉडेलं कितीही चांगली असली तरी शेवटचे दोनतीनशे मीटर तुमचे तुम्हालाच बांधावे लागतात.

१. आधी तुमचा पूर कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

सगळे पूर सारखे नसतात आणि चुकीच्या पुरासाठी बरोबर यंत्र घेतलं तरी उपयोग शून्य.

मोठ्या नदीचा पूर हळू चढतो, तास किंवा दिवस मिळतात, वरच्या गावांतली पातळी आणि धरणाचा विसर्ग कळला तरी अर्धं काम होतं. ओढ्याचा किंवा डोंगरउताराचा पूर मिनिटांत येतो, तिथं वरच्या अंगाला पडणारा पाऊस मोजावा लागतो. शहरी तुंबणं हा तिसरा प्रकार, नदी लांब असली तरी गटारांना पाणी झेपत नाही म्हणून रस्ता भरतो. आणि समुद्राजवळ किंवा खाडीजवळ असाल तर भरतीच्या वेळी पाणी नाल्यातून उलटं मागं सरकतं, तेव्हा भरतीचं वेळापत्रक हेच तुमचं पहिलं अलर्ट टूल, आणि ते फुकट मिळतं.

शहरी तुंबण्याचा अंदाज यावा म्हणून एक छोटा हिशेब. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. एक हेक्टर काँक्रीटवर ५० मिलिमीटर पडला की ५ लाख लिटर, आणि त्यातलं जवळजवळ काहीच मुरत नाही. ते कुठं जाणार? तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जी जाळी आहे तिच्यातून. ती जाळी प्लॅस्टिकनं बंद असेल तर कितीही महागडा सेन्सर लावा, तो फक्त पाणी तुंबल्याची बातमी देईल. म्हणून तुंबणाऱ्या भागात पहिली टेक्नॉलॉजी म्हणजे प्रत्येक चेंबरला नंबर देणं आणि मोबाईलवरून त्याचा फोटो काढून ठेवणं. सॅन फ्रान्सिस्कोत 'अडॉप्ट अ ड्रेन' नावाची सोय आहे, नागरिक नकाशावर एकेक चेंबर आपल्या नावावर घेतात आणि त्यावरचा पालापाचोळा काढतात. हे तुम्ही साध्या शेअर्ड शीटवर पण करू शकता.

२. माणसं जमवा, आणि कोण आलं नाही ते मोजा

अशा मीटिंगला पहिले येतात ते कॉम्प्युटर येणारे तरुण आणि ज्यांना वेळ आहे असे रिटायर्ड लोक. दोघंही हवेत. पण ज्यांच्या घरात सगळ्यात आधी पाणी शिरतं ते बहुतेक वेळा मीटिंगला नसतात, कारण ते भाड्यानं राहतात, किंवा नाईट शिफ्टला असतात, किंवा त्यांना वाटतं हे सगळं मालक लोकांचं काम. दिवसा घरी असणाऱ्या बायकांना पाणी कुठून वळून येतं ते जितकं माहीत असतं तितकं कुणालाच नसतं, आणि त्यांना विचारलंच जात नाही. मीटिंगची वेळ बदला, त्यांच्या दारात जाऊन बसा. नाले साफ करणाऱ्या कामगारांना बोलवा. कुठली पाईप कुठं जोडलीये आणि कुठं कागदावर आहे पण जमिनीत नाहीच, हे त्यांना तोंडपाठ असतं.

मग कामं वाटा. पातळी बघणारा, निरोप देणारा, दारं वाजवणारे, आणि ज्यांना उचलून न्यावं लागेल त्यांच्यासाठी ठरलेली माणसं. प्रत्येक कामाला बदली माणूस हवाच, कारण पूर तुमच्या सुट्ट्या बघून येत नाही.

इथला नेहमीचा सापळा: एक हौशी माणूस सगळं स्वतःच करतो. सर्व्हर त्याच्या ईमेलवर, सिम त्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्या डोक्यात. त्याची बदली झाली की सिस्टीम मेली. पहिल्याच आठवड्यात ग्रुपचा वेगळा ईमेल काढा आणि सगळी अकाउंटं त्यावर ठेवा.

३. नकाशा: आधी आठवणींचा, मग मोबाईलचा

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून लोकांनीच बनवत आणलेला मोफत नकाशा आहे. त्यावरून तुमच्या भागाचा मोठा प्रिंट काढा, टेबलावर पसरा, आणि लोकांना पेन द्या. मागच्या पुरात पाणी कुठपर्यंत होतं? घोटा, गुडघा, कंबर, खिडकी. सेंटिमीटर विचारू नका, शरीराच्या खुणा विचारा, त्या लोकांना बरोबर आठवतात. टांझानियात दार-ए-सलाममध्ये २०१५ पासून 'रमानी हुरिया' नावानं हेच मोठ्या प्रमाणावर झालं, विद्यापीठातले विद्यार्थी आणि वस्तीतले लोक मिळून फिरले, रस्ते, नाले, घरं ओपनस्ट्रीटमॅपवर टाकली. आधी त्या वस्त्यांचा नीट नकाशाच नव्हता, मग पुराचं नियोजन करायचं कशावर.

कागदावरचं मोबाईलवर आणायला कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके वापरा, दोन्ही मोफत मिळतात, नेट नसलं तरी फॉर्म भरता येतो आणि नंतर रेंज आली की अपलोड होतो. फॉर्म छोटा ठेवा: जागा, फोटो, पाणी किती होतं, किती वेळ टिकलं, कुठल्या दिशेनं आलं. झालं. चाळीस प्रश्नांचा फॉर्म केलात तर पहिल्या गल्लीतच भरणारे कंटाळतात आणि मग उत्तरं ठोकून देतात.

आता उंचसखलपणा. इथं नवीन लोक हमखास फसतात. उपग्रहावरून आलेलं उंचीचं मोफत मॉडेल डाउनलोड करतात, क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकतात, निळा रंग भरतात, झक्कास दिसतं. पण २००० सालच्या स्पेस शटल मोहिमेतून आलेलं एसआरटीएम किंवा नंतरचं युरोपच्या कोपर्निकस उपग्रह कार्यक्रमाचं मोफत मॉडेल, दोन्हीत एक चौकोन साधारण ३० मीटरचा असतो, उंचीत काही मीटरचा फरक पडू शकतो, आणि त्यांना जमीन दिसते तशीच छपरं आणि झाडांचे शेंडेही दिसतात. खोऱ्याचा अंदाज घ्यायला ठीक. तुमच्या आणि शेजारच्या उंबऱ्यातला वीतभर फरक त्यात सापडणं शक्य नाही. मोबाईलच्या जीपीएसची उंची तर अजूनच बेभरवशाची, ती लिहूच नका.

त्यापेक्षा गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. एक टोक नाल्याच्या कठड्यावर पक्क्या खुणेला, दुसरं टोक पहिल्या घराच्या उंबऱ्याशी, दोन्ही टोकांत पाणी एकाच पातळीला येतं, मग टेपनं खाली मोजायचं. नळीत बुडबुडा राहिला तर सगळं चुकतं, म्हणून टिचकी मारून आधी काढून टाका, आणि रीडिंग घेताना दोन्ही तोंडं उघडी हवीत, अंगठा लावलेला चालत नाही. असं एका घरावरून दुसऱ्यावर करत पुढं जायचं आणि शेवटी फिरून पहिल्या खुणेला यायचं. परत आल्यावर फरक दोनतीन सेंटिमीटरच्या आत असला तर आपल्या कामाला पुरेसा. जास्त आला तर कुठंतरी बुडबुडा होता. एका सुट्टीच्या दिवसात एक गल्ली होते, पोरांना मजा येते, आणि त्या संध्याकाळी तुमच्याकडे असा डेटा असतो जो कुठल्याच उपग्रहाकडे नाही.

एक गोष्ट जपा. 'इथं अंथरुणाला खिळलेल्या आजी एकट्या असतात' ही माहिती उघड्या नकाशावर टाकायची नाही. ती कागदावर, त्या गल्लीतल्या दोन जबाबदार माणसांकडे, आणि घरच्यांच्या परवानगीनंच. तसंच काही घरमालक पाण्याची खूण सांगायला कचरतात, घराची किंमत पडेल म्हणून. वाद घालू नका, समोरच्या सार्वजनिक भिंतीवरची खूण घ्या.

४. उलटा हिशेब

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, घाई करू नका.

समजा नाल्यातली नेहमीची पातळी शून्य धरली आणि सगळ्यात खालच्या घराचा उंबरा तिथून १२० सेंटिमीटर वर आहे. मोठ्या पावसात पाणी मिनिटाला २ सेंटिमीटर चढतं असं जुन्या लोकांच्या सांगण्यावरून आणि व्हिडिओंवरून दिसतंय. म्हणजे चढायला लागल्यापासून उंबऱ्यापर्यंत ६० मिनिटं.

आता खर्च मांडा. वयस्कर माणसं, लहान मुलं, औषधं, कागदपत्रं हलवायला ३५ मिनिटं. निरोप सगळ्या दारांपर्यंत जायला १५ मिनिटं. सेन्सर दर १० मिनिटांनी आकडा पाठवतो, म्हणजे वाईटात वाईट १० मिनिटं आधीच गेलेली. बेरीज ६०. म्हणजे पाणी चढायला लागताक्षणीच अलर्ट द्यावा लागेल, म्हणजे जवळपास प्रत्येक पावसात, आणि तिसऱ्या खोट्या अलर्टनंतर लोक ग्रुप म्यूट करतात.

बघा, एक रुपयाचं यंत्र न घेता किती कळलं. घराजवळचा सेन्सर तुमच्या कामाचा नाही. एकतर तो वरच्या अंगाला, अर्धा तास आधी पाणी येतं अशा जागी लावा, किंवा तिथं पर्जन्यमापक ठेवा, किंवा ती ३५ मिनिटं कमी करा: कागदपत्रं सीझनभर वरच्या फळीवर, आजींना जोराच्या पावसाचा अंदाज आला की आदल्या रात्रीच दुसरीकडे. शेवटचा उपाय सगळ्यात स्वस्त आणि मला वाटतं सगळ्यात दुर्लक्षित.

वरच्या अंगाचा हा विचार आसाममध्ये इसिमोड (हिमालयाच्या भागात काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आणि स्थानिक संस्थांनी चांगला राबवलाय: वरच्या बाजूला नदीकाठी पाणी ओळखणारं ट्रान्समीटर, वायरलेस रिसीव्हर काठावरच्या एका माणसाच्या घरात, आणि तिथून फोननं खालच्या गावांना निरोप. २०१४ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल विभागाचा पुरस्कार मिळाला. त्यात भारी यंत्र काही नाही. रिसीव्हर कुणाच्या घरात ठेवायचा आणि तो माणूस कुणाला फोन करणार, हे ठरलेलं होतं.

तुमच्या वरच्या बाजूला दुसरी वस्ती असेल तर तिच्याशी मैत्री करा. त्यांना पुराचा त्रास नसेल कदाचित, तरी त्यांच्या पुलावरून दिसणारं पाणी तुम्हाला अर्धा तास देतं.

५. कागदपत्रं आणि परवानग्या

हा कंटाळवाणा भाग आहे, पण अर्धी कामं इथंच अडकतात. साधारण एवढं लागतं:

- पूल, खांब किंवा नाल्याची भिंत ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचं लेखी पत्र. तोंडी 'लावा हो' वर विसंबू नका, साहेब बदलला की यंत्र काढायला लावतात.
- जागेचा फोटो आणि बसवण्याचं साधं रेखाचित्र, वजन आणि मापासकट. हे जोडलं की पत्राला उत्तर लवकर येतं.
- स्थानिक आपत्ती व्यवस्थापनाला माहितीचं पत्र: आम्ही काय मोजतोय, आकडा कुणाला दिसेल, आणि अधिकृत इशारा तुमचाच राहील.
- ज्यांचे नंबर घेतलेत त्यांची संमती, एका ओळीची का होईना.
- ड्रोन उडवणार असाल तर त्याची वेगळी परवानगी. नसेल जमत तर सोडा, नळीनं भागतं.
- यंत्र, सिम, चाव्या कुणाकडे आहेत त्याची यादी, सह्यांसकट.

आपत्ती विभागाला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. पूर येऊन गेल्यावर 'आमच्याकडे डेटा होता' म्हणत गेलात तर ते बचावात्मक होतात आणि पुढची दारं बंद.

६. मोजायचं कशानं

चढत्या क्रमानं सांगतो, आणि खालच्या पायरीवर भागत असेल तर वर जाऊ नका.

सगळ्यात आधी रंगवलेली मोजपट्टी. पुलाच्या खांबावर दर १० सेंटिमीटरला खूण, आणि अलर्टच्या पायऱ्यांसाठी तीन रंगांचे पट्टे. रात्री टॉर्चमध्ये दिसेल असा रंग घ्या. पट्टी लावायची परवानगी मिळत नसेल तर क्राउडवॉटर हे झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांचं अ‍ॅप बघा, त्यात फोटोवरच आभासी मोजपट्टी बसवता येते आणि पुढच्या वेळी त्याच जागेवरून पातळीची तुलना करता येते.

मग पर्जन्यमापक. साधा उभा प्लॅस्टिकचा पण चालतो. १९९७ च्या जुलैत अमेरिकेत फोर्ट कॉलिन्सला पूर आला तेव्हा शहराच्या एका भागात फूटभराहून जास्त पाऊस पडला आणि त्याच शहरात दुसरीकडे मामुली, नेहमीच्या मोजक्या केंद्रांना हे नीट पकडता आलं नाही. त्यातूनच १९९८ मध्ये 'कोकोराज' हे नेटवर्क सुरू झालं, सामान्य लोक आपल्या अंगणात पाऊस मोजून रोज कळवतात. आपोआप मोजणारा हवा असेल तर डोलणाऱ्या बादलीचा मिळतो, दर ०.२ मिलिमीटरला वगैरे बादली उलटते आणि मोजणी होते. मुसळधार पावसात तो थोडा कमी दाखवतो, आणि पक्ष्यांची विष्ठा किंवा पान अडकलं तर शून्यच दाखवतो. गच्चीवर, भिंतीपासून लांब ठेवा.

त्यानंतर पातळीचा सेन्सर. अल्ट्रासॉनिक स्वस्त पडतो: वरून आवाज सोडतो, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. न्यूयॉर्कमधल्या फ्लडनेट प्रकल्पात रस्त्यावरच्या खांबांना असेच सेन्सर लावलेत. घेताना वॉटरप्रूफ घ्या, शिकवणीच्या किटमध्ये येणारा दोन उघड्या डोळ्यांचा सेन्सर बाहेर टिकत नाही. बाकी बारकावे असे:

हवेतला आवाज २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर जातो आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरनं बदलतो. ३ मीटर अंतरावर १० अंशांचा फरक पडला तर जवळपास ५ सेंटिमीटरची चूक होते, म्हणून तापमानाचा सेन्सर बरोबर लावून दुरुस्ती करा. आवाज शंकूसारखा पसरतो, बाजूचा खांब किंवा लोंबणारी वायर त्यात आली तर तेच अंतर कायम दिसत राहतं. कोळी जाळं करतात, गांधीलमाश्या डब्यात घर करतात, तरंगता कचरा खाली आला की पातळी एकदम उडी मारते. म्हणून एकाच रीडिंगवर अलर्ट देऊ नका, पाचसात रीडिंग घेऊन मधला आकडा धरा. यंत्र पुलाच्या ज्या बाजूनं पाणी बाहेर पडतं तिकडे लावा, पाणी येतं त्या बाजूला ओंडके येऊन आपटतात. आणि उंची अशी ठेवा की मोठ्यातल्या मोठ्या पुरातही पाणी त्याच्यापासून निदान अर्धा मीटर खाली राहील, कारण फार जवळ आलेलं पाणी या सेन्सरला दिसतच नाही, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी आंधळा.

सेन्सरचा आकडा पाठवायला सिमकार्ड किंवा लोरा, म्हणजे कमी विजेवर लांब जाणारा रेडिओ. लोराला रिचार्ज लागत नाही पण गेटवे, म्हणजे ते सिग्नल घेऊन इंटरनेटवर टाकणारा डबा, कुणाच्या तरी गच्चीवर ठेवावा लागतो आणि तिथली लाईट गेली तर? बॅकअप लावा. सोलर पॅनेलचा हिशेब उन्हाचा करू नका, सलग ढगाळ आठवड्याचा करा, पूर काही उन्हात येत नसतो.

आणि सगळ्यात मोठा सापळा. आकडा येत नाहीये याचा अर्थ पाणी नाही असा होत नाही. सेन्सर वाहून गेला, बॅटरी संपली, टॉवर पडला, तिन्ही वेळी स्क्रीनवर शेवटचा हिरवा आकडाच दिसत राहतो. म्हणून प्रत्येक रीडिंगबरोबर बॅटरीचा व्होल्टेज पाठवा, आणि ठरलेल्या वेळात काही आलं नाही तर 'सेन्सर गप्प, माणूस पाठवा' असा मेसेज आपोआप जायलाच हवा.

७. फुकट मिळतं ते आधी वापरा

तुमच्या देशाच्या हवामान खात्याचा पावसाचा अंदाज आणि रडार, हे रोजचं. मोठ्या नदीकाठी असाल तर गूगलचं फ्लड हब आणि कोपर्निकसची ग्लोफास सेवा काही दिवस आधीचा अंदाज देतात. पण हे मोठ्या नद्यांचं काम, तुमच्या छोट्या ओढ्याबद्दल त्यात अपेक्षा ठेवू नका. सेंटिनेल-१ सारख्या उपग्रहाचं रडार ढगांतून आरपार बघतं, पण तो दर काही दिवसांनीच वरून जातो, त्यामुळे दोन तासांत येऊन ओसरलेला पूर त्याला सापडेलच असं नाही. नंतर किती भाग बुडाला होता ते बघायला मात्र मस्त.

८. निरोप कसा लिहायचा

'पाणी वाढतंय, सावध राहा' हा निरोप नाही. वाचणारा काय करणार त्यात? नमुना देतो:

'नारिंगी. वेळ संध्याकाळी ६:४०. वरच्या पुलाजवळ पाणी दुसऱ्या पट्ट्याला. नाल्यालगतच्या गल्लीतल्यांनी आत्ता वरच्या मजल्यावर किंवा शाळेत जा. मेन स्विच बंद करा. पुढचा मेसेज ७ वाजता.'

वेळ आणि जागा मेसेजच्या आत हवीच, कारण तो फॉरवर्ड होत होत दुसऱ्या दिवशी पण फिरत असतो. जगभर अधिकृत इशाऱ्यांसाठी कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल नावाचा साचा वापरतात, त्यात तातडी, तीव्रता आणि खात्री या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहितात. तुम्हाला फाईल बनवायची गरज नाही, पण लिहिताना ते तीन प्रश्न स्वतःला विचारा. आणि ७ वाजता सांगितलं तर ७ वाजता मेसेज गेलाच पाहिजे, 'काही बदल नाही' असा का होईना.

अलर्टसाठी वेगळा ग्रुप, फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील असा. गप्पांच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या खाली निरोप गाडला जातो. पण एकट्या व्हॉट्सअ‍ॅपवर कधीच थांबू नका, फोन सायलेंटवर असतात, टॉवर जातात, काहींकडे साधा फोन असतो. भोंगा, शिट्टी, मेगाफोन, आणि शेवटी दार वाजवणं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या दारावर जायचं कुणी, ते नावानिशी ठरलेलं हवं. सरकारचा सेल ब्रॉडकास्ट तुमच्या भागात चालू असेल तर उत्तमच, तो टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या चालू फोनना एकदम जातो, नंबर लागत नाही. त्याच्याशी स्पर्धा करू नका, त्याचा अर्थ तुमच्या गल्लीच्या भाषेत सांगा.

९. ड्रिल

रात्री करा. लाईट बंद करून, मोबाईल डेटा बंद करून. घड्याळ लावा आणि वरच्या हिशेबातली १५ आणि ३५ मिनिटं खरी आहेत का बघा, बहुतेक जास्त निघतात. निघाली की पट्टा खाली आणा.

१०. प्रत्यक्ष पुरात

फोटो पाठवायला सांगा पण पाण्यात उतरून नाही. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी मोठ्या माणसाचा पाय सुटू शकतो, ३० सेंटिमीटरमध्ये छोटी गाडी वाहते, ६० मध्ये जवळपास कुठलीही. मोजपट्टी बघायला जाणाऱ्यानं पण काठावरूनच बघायचं, म्हणून तर पट्टी मोठी रंगवायची.

अफवा आणि जुने फोटो येणारच. जकार्तात 'पेता बेंचाना' नावाची सोय आहे, लोक सोशल मीडियावर पुराबद्दल लिहितात तेव्हा बॉट त्यांना जागा आणि फोटो टाकून रिपोर्ट करायला सांगतो आणि ते सगळं उघड्या नकाशावर दिसतं, प्रशासनही तो वापरतं. तुमच्याकडे बॉट नसला तरी नियम तोच ठेवा: जागा, वेळ, फोटो, तिन्ही असतील तरच पुढं पाठवायचं. शंका असेल तर पाठवणाऱ्याला त्याच जागेवरून उलट दिशेचा फोटो मागा, जुना फोटो फिरवणाऱ्याकडे तो नसतो.

११. पाणी ओसरल्यावर

भिंतीवरची चिखलाची रेघ एकदोन दिवसांत धुतली जाते, त्याआधी फिरा. रेघेजवळ टेप धरून फोटो, तारीख, आणि पक्क्या पेननं खूण. तीच नळी काढून त्या खुणा नाल्याच्या पक्क्या खुणेशी जोडा, पुढच्या वर्षीचे पट्टे यावरूनच बदलायचे.

मग एका वहीत तीन रकाने: अलर्ट दिला आणि पाणी आलं, अलर्ट दिला पण आलं नाही, अलर्ट नव्हता आणि आलं. हे सगळ्यांसमोर वाचून दाखवा, लपवू नका. दुसरा रकाना वाढत असेल तर पट्टा वर घ्यायचा का ते लोकांना विचारा. आमचा अनुभव असा की सगळ्यात खालच्या घरातले लोक खोटा अलर्ट सहन करायला तयार असतात आणि वरच्या मजल्यावरचे कुरकुरतात, तेव्हा निर्णय खालच्यांच्या बाजूनं घ्या, किंवा दोघांना वेगवेगळा पट्टा लावा.

सीझन संपला की सेन्सरचा डबा उघडा, कोळ्यांची जाळी साफ करा, ओलावा शोषणाऱ्या पुड्या बदला, बॅटरी काढून वेगळी ठेवा. नंबरांच्या यादीतून जे भाडेकरू गेले ते काढा आणि नवीन आले त्यांच्या घरी जाऊन नालाकाठची पट्टी दाखवून आणा. सिमचा रिचार्ज कधी संपतो ती तारीख दोन जणांच्या कॅलेंडरमध्ये टाका.